हाताने कातलेल्या लोकरीची रंगीत शाल



मेढ्याचा पावसाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना उबेची किंमत सांगायला नको. वेण्णाकाठचा गारठा हाडांत शिरतो. आपल्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, पाऊस तुटपुंजा. तिथल्या माळावर दख्खनी मेंढी जगते आणि तिच्या लोकरीची म्हसवडची घोंगडी प्रसिद्ध आहे. पाऊस इकडे, लोकर तिकडे!

घोंगडीमागे कष्ट किती? मेंढी कातरायची, लोकर निवडून पिंजायची, बायांनी चरख्यावर सूत काढायचे, मग चिंचोक्याची खळ लावून ते मागावर चढवायचे. नाव होते घोंगडीचे. कातणारीचे नाव कोणी विचारत नाही. गिरणीची मऊ, स्वस्त लोकर आल्यापासून या जाड लोकरीला गिऱ्हाईक कमी. कातरलेली लोकर पुष्कळदा टाकून द्यावी लागते.

अशी हातकताईची लोकर मिळाली तर दोन सुयांवर शाल विणून पाहा. काळा, पांढरा, तपकिरी हे रंग मेंढीचेच. पांढऱ्या लोकरीला तुरटीच्या पाण्यात भिजवून कांद्याच्या सालीच्या काढ्यात मंद आचेवर ठेवले की सोनेरी पिवळा रंग चढतो. हळदीचा रंग सुंदर, पण उन्हात उडतो.

हाताचे सूत कुठे जाड, कुठे बारीक असते. तो दोष नव्हे, तीच त्याची शोभा. म्हणून जाळीची, वेलबुट्टीची वीण घेऊ नका. रंग त्यात हरवतात. दोन्ही बाजूंनी सगळे टाके सुलटच विणा. सुया ६ नंबरच्या किंवा त्याहून जाड घ्या. लक्षात ठेवा, नंबर लहान तशी सुई जाड.

कृती : ३ टाके घाला. प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यातून दोन टाके काढा, बाकीचे सुलट विणा. प्रत्येक ओळीला एक टाका वाढेल आणि टोकाकडून त्रिकोण रुंद होत जाईल. इंचाला ३ टाके बसत असतील, तर १६५ टाक्यांना ५५ इंच रुंदी मिळते. उंची साधारण त्याच्या निम्मी. आधी लोकर मोजायची गरज नाही. संपत आली की थांबायचे. मात्र टाके बंद करायला शालीच्या रुंदीच्या चौपट धागा राखून ठेवा आणि ते सैल हाताने बंद करा. टोकाशी ओळी लहान, म्हणून तिथे रंगाचे पट्टे रुंद येतात. वर ओळी लांबत जातात, तसे तेवढ्याच लोकरीचे पट्टे अरुंद होतात. आवडता रंग कुठे घालायचा, ते यावरून ठरवा.

ही लोकर टोचते. तान्ह्या बाळाला नको. मोठ्यांनी लुगड्या-सदऱ्यावरून पांघरावी. कोमट पाण्यात, न चोळता धुवा. गरम पाण्याने आणि चोळण्याने ती आटते.

आणखी एक. विणताना तास वहीत लिहून ठेवा. कोणी म्हणेल, "लोकरीचे पैसे देते, मला एक करून दे." तेव्हा वही पुढे करा. आपल्या हातांची मजुरी आपणच मोजली नाही, तर दुसरे कोण मोजणार? आणि लोकर घेताना कातणाऱ्या बाईशी घासाघीस करू नका. तिनेही तास घातलेले असतात.