विरार लोकल, जिनिव्हा आणि एक जुना शब्द

वसई म्हटले की आपण १७३९ आणि चिमाजी अप्पांपासून सुरुवात करतो. आज किल्ला बाजूला ठेवू आणि स्थानकाकडे वळू. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. १९३६ मध्ये विजेची गाडी विरारपर्यंत आली. ती गाडी चालवणाऱ्या मोटरमनला केबिनमध्ये बसण्यापूर्वी आज एक मानसशास्त्रीय कसोटी द्यावी लागते. त्या कसोटीचे मूळ शोधत गेलो, तर थेट १९२० च्या जिनिव्हात पोहोचलो. हा धागा त्या प्रवासाचा आहे. शेवटी माझी एक तक्रारही आहे.

पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. जिनिव्हात एदुआर क्लापारेद या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांतील सहकारी एकत्र आले आणि त्यांनी ‘सायकोटेक्निक’ची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. हा शब्द विल्यम स्टर्न यांनी १९०३ मध्ये घडवलेला. अर्थ साधा: मानसशास्त्र व्यवहारात, विशेषतः कामाच्या जागी, वापरण्याचे तंत्र. कालपर्यंत एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या देशांचे अभ्यासक पुढे एकाच परिषदेत निबंध वाचू लागले, हे मला आजही विलक्षण वाटते.

या शास्त्राचे एक आरंभीचे गिऱ्हाईक कोण, तर ट्रामचालक. विजेच्या ट्राम आल्या, रस्त्यांवर अपघात होऊ लागले आणि प्रश्न उभा राहिला की हँडल कोणाच्या हाती द्यायचे? बॉस्टनच्या ट्रामचालकांसाठी ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी अवधानाची चाचणी तयार केली. पॅरिसमध्ये लाही यांनी असेच काम हाती घेतले. चालकाला धोका किती लवकर दिसतो, तो थांबण्याचा निर्णय किती लवकर घेतो, हे मोजायचे. विरारच्या मोटरमनची कसोटी याच घराण्यातली.

ही संघटना शांत पंडितांचा मेळा मुळीच नव्हती. १९३१ ची परिषद मॉस्कोला भरली आणि तिचे यजमानपद इसाक श्पिलराइन यांच्याकडे होते. चार वर्षांत त्यांना अटक झाली. १९३७ च्या डिसेंबरात त्यांना गोळी घालण्यात आली. सोव्हिएत सायकोटेक्निक तोवर मोडून काढले गेले होते. जर्मनीत हिटलर सत्तेवर येताच स्टर्न यांनाही देश सोडावा लागला. ज्याने शब्द दिला तो निर्वासित, ज्याने परिषद भरवली तो मृत. महायुद्धानंतर संघटना पुन्हा उभी राहिली आणि १९५५ मध्ये तिने नावातला तो जुना शब्दच टाकून दिला. तेव्हापासून ती ‘उपयोजित मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना’ आहे.

गंमत पुढे आहे. १९६२ च्या कुंझरू समितीने रेल्वे अपघातांचा विचार केला आणि १९६४ मध्ये भारतीय रेल्वेत ‘सायको-टेक्निकल’ कक्ष सुरू झाला. जिनिव्हाच्या वारसदारांनी नऊ वर्षांपूर्वी टाकलेला शब्द आपण उचलला. लखनौच्या आर.डी.एस.ओ.मध्ये त्या नावाचे संचालनालय आजही आहे. साहाय्यक लोको पायलटच्या परीक्षेत प्रत्येक कसोटीत किमान ४२ टी-गुण लागतात. त्यात कोणालाही सवलत नाही.

आता तक्रार. ज्या १९२० साली जिनिव्हात ही संघटना जन्मली, त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. नारायण मल्हार जोशी तर १९१९ मध्येच वॉशिंग्टनला, आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेच्या पहिल्या अधिवेशनात, भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जाऊन आले होते. म्हणजे आपला कामगार आंतरराष्ट्रीय मंचावर पोहोचला होता. पण ज्या मंचावर त्याच्या मेंदूचा, डोळ्यांचा, थकव्याचा विचार चालला होता, तिथे तो नव्हता. कसोटी सीमा ओलांडून आपल्याकडे आली. कामगाराचा प्रश्न मात्र उलट्या दिशेने तिकडे गेला नाही. चालक कामाला योग्य आहे का, हे आपण आत्मसात केले. काम चालकाला योग्य आहे का? पाळी किती तासांची, दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती किती, हे प्रश्न मानसशास्त्राच्या वर्गात कमी आणि युनियनच्या निवेदनात जास्त सापडतात.

असे होणे अटळ नव्हते, आणि याचा पुरावा तेव्हाच्या मुंबई राज्यातच आहे. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले. एका विणखात्यात २२४ स्वयंचलित माग होते आणि २९ कामगार बारा वेगवेगळ्या कामांत विखुरलेले होते. कोण कोणाबरोबर काम करतो, याचा पत्ता नव्हता. एका गटाने ठरावीक मागांची सगळी जबाबदारी घ्यावी, ही कल्पना मांडताच कामगारांनी स्वतःच आपापले गट जुळवले. इथे माणसाला गाळण्याऐवजी कामाची घडी बदलली गेली. १९७० मध्ये एरिक मिलर पुन्हा गेले, तेव्हा काही ठिकाणी ती पद्धत टिकली होती, काही ठिकाणी विस्कटली होती. प्रयोग अपुरा होता, मालकाच्या सोयीचाही होता, हे मान्य. तरीही जगभरच्या अभ्यासकांनी तो वाचला, तो एका भारतीय गिरणीतून शिकण्यासाठी.

२००९ मध्ये कार्य-मानसशास्त्राच्या संघटनांची जागतिक आघाडी तयार झाली. संस्थापक तीन: एक अमेरिकी, एक युरोपीय आणि तिसरा त्याच १९२० च्या संघटनेचा विभाग. अशा मेजावर भारतीय संघटनांनी केवळ निबंध घेऊन जाऊ नये, असे मला वाटते. सोबत पाळ्यांची वेळापत्रके न्यावीत, आणि ती समजावून सांगायला एखादा निवृत्त मोटरमनही. पहाटेची पहिली विरार लोकल काढण्यासाठी किती वाजता उठावे लागते, हे त्याच्याइतके कोण सांगू शकेल?