परक्या डोळ्यांचा पहारा

जव्हार तालुक्यातील जामसरसारख्या गावात शाळेच्या व्हरांड्यात कॅमेरा बसतो, तेव्हा तो मुळात कोठून आला याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. दरपत्रके मागविली जातात, सर्वांत कमी दराचे मंजूर होते आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील अथवा नाशिकच्या बाजारातील खोकी घाट चढून वर येतात. खोक्यावरील नाव देशी असले तरी आतील चिप, छापील मंडल आणि त्यांना चालविणारी आज्ञावली पुष्कळदा चीनमधील असते. सुरक्षा-साधनांच्या आयात व्यापाराचे शेवटचे टोक असे डोंगरावरच्या शाळेपर्यंत पोचलेले असल्यामुळे त्याविषयीची चर्चा केवळ दिल्लीतील तज्ज्ञांवर सोपवून भागणार नाही.

ही बाजारपेठ वाढविण्यात शासनाच्या आदेशांचा वाटा मोठा आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये फर्माविले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराने महाराष्ट्र हादरला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने खाजगी शाळांना एका महिन्याच्या आत कॅमेरे बसविण्यास सांगितले. आदेशामागील हेतूविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु महिन्याच्या मुदतीत खरेदी करावयाची म्हटल्यावर संस्थाचालक जे तयार आणि स्वस्त मिळेल तेच उचलणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

स्वस्ताईची किंमत पुढे कशी मोजावी लागते, हे जगाने २०१६ मध्येच पाहिले. त्या वर्षी ‘मिराय’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे व ध्वनिचित्रमुद्रक ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या बळावर अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. लोकसभेत २०२१ मध्ये तत्कालीन राज्यमंत्री, अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी शासकीय संस्थांमधील सुमारे १० लाख कॅमेरे चिनी कंपन्यांचे असल्याचे सांगितले होते. त्यांतील चित्रण परदेशातील संगणकांकडे जाण्याचा धोकाही त्यांनी मान्य केला होता. पुढील वर्षी अमेरिकेने हिकव्हिजन व दाहुआ या कंपन्यांच्या नव्या साधनांना परवानगी नाकारली. ब्रिटननेही संवेदनशील शासकीय इमारतींत असे नवे कॅमेरे बसवू नयेत, असे आपल्या खात्यांना कळविले.

भारत सरकार उशिरा का होईना जागे झाले, हे नमूद केले पाहिजे. एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी घातल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या अनिवार्य झाल्या. उत्पादक देशी असो वा परदेशी, त्याने आपले यंत्र व त्याची मूळ आज्ञावली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतली पाहिजे. प्रयोगशाळा अपुऱ्या आहेत, तपासणीला वेळ लागतो, अशी तक्रार उद्योगांनी केली. ती अगदीच निराधार नव्हती. लहान उत्पादकाला हा खर्च जड जातो आणि मोठ्यांचे फावते. तरीही मुदतवाढ नाकारण्यात सरकारचे चुकले असे म्हणता येणार नाही.

तथापि हा नियम मुख्यतः पुढे विकल्या जाणाऱ्या मालाला आवर घालतो. भिंतीवर आधीच टांगलेले कॅमेरे जागच्या जागी आहेत. शिवाय सगळा धोका सीमेपलीकडूनच येतो असे मानणे ही सोयीची समजूत आहे. गुजरातेत राजकोट येथील एका प्रसूती रुग्णालयातील स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण बाहेर विकले जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले. त्या प्रकरणी पकडलेल्यांत महाराष्ट्रातील तरुण होते. त्यासाठी कोणा परकीय हेरखात्याची गरज पडली नाही.

जव्हार-मोखाड्याच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. या भागात आदिवासी मुलामुलींच्या निवासी आश्रमशाळा आहेत. मुली तेथे शिकतात, जेवतात, झोपतात. वसतिगृहाच्या दाराशी कॅमेरा असावा असे पालकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याची किल्ली बसवून गेलेल्या दुकानदाराकडेच राहिली, परवलीचा शब्द कारखान्यातलाच राहिला आणि यंत्र कोणी न सांगता इंटरनेटला जोडले गेले, तर रक्षणासाठी आणलेली वस्तू त्याच मुलींना उघडे पाडू शकते. उलट, पावसाळ्यात वीज गेली आणि बॅटरीची सोय नसली, तर हवे तेव्हा चित्रणच मिळत नाही. मुद्रकाची तबकडी भरली की तो जुने चित्रण पुसून नवे घेतो. तक्रार उशिरा पुढे आली तर पुरावा गेलेला असतो. लाजेने वा भीतीने मुली लगेच बोलत नाहीत, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

ही कामे फार खर्चाची नाहीत. खरेदीच्या आदेशातच प्रमाणित यंत्राची अट, बॅटरी, किमान किती दिवसांचे चित्रण राखावयाचे याचा आकडा आणि देखभालीची तरतूद घालता येते. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय जव्हार येथेच आहे. त्याने एक जाणता तंत्रज्ञ वर्षातून दोनदा शाळाशाळांतून फिरविला आणि जुन्या कॅमेऱ्यांची नोंद करून त्यांचे परवलीचे शब्द बदलून घेतले, तरी मोठा धोका टळेल. बदललेला शब्द बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावा आणि चित्रण कोणी, केव्हा व कशासाठी पाहिले याची नोंदवही असावी. खाजगी संस्थांतील जुन्या यंत्रांची अशी तपासणी शिक्षण खात्याने करावयाची की पोलिसांनी, हे शासनाने येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभापूर्वी लेखी ठरवून द्यावे.