संघटनेचे दप्तर कुणाच्या घरी?

समाजाच्या संघटनांमध्ये सध्या 'अ‍ॅप काढू या' ही चर्चा जोरात आहे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, डोंगराडोंगरांत पसरलेल्या वाड्या आणि गाव शाखेच्या जोडीला तिचे मुंबई मंडळ. या सगळ्यांची माहिती एका सर्व्हरवर आणायची, वाडीत नोंद झाली की त्याच क्षणी ती मुंबईच्या पडद्यावर दिसली पाहिजे, असा प्रस्ताव आमच्या संघटनेपुढेही आला आहे. मांडणारी मुले आपलीच आहेत, शिकलेली, आयटीत नोकरी करणारी. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. प्रस्तावाला मात्र माझा विरोध आहे.

माहिती कुठे साठवायची, ती किती वेळाने पुढे पाठवायची, जुनी नोंद ठेवायची की पुसायची, हे 'टेक्निकल' प्रश्न आहेत असे म्हणून दोन-तीन जाणकारांवर सोपवले जातात. कोकणातल्या माणसाने तरी असे करू नये. खोत म्हणजे कोण होता? सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. वसुली त्याची, हिशेब त्याचा आणि म्हणून गावही त्याचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मोर्चाने विधिमंडळावर गेले. तरी कायदा व्हायला १९४९ साल उजाडले. ज्या समाजाच्या आजोबा-पणजोबांनी हे भोगले, त्याने आपल्या संघटनेचे दप्तर कुणाच्या हाती जाते आहे हे आधी विचारायला नको का?

आता मुद्द्याकडे. तलाठ्याकडे सातबारा असतो आणि गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही असते. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती स्थिती कशी झाली, कोणत्या तारखेला, कशाच्या आधारे, हे फेरफार सांगतो. कोर्टात वाद गेला की वकील पहिल्यांदा फेरफार काढायला लावतो. संगणकातही माहिती ठेवण्याच्या या दोन रीती आहेत. एकीत नवी नोंद जुनीवर चढते. दुसरीत प्रत्येक घटना तारखेसह खाली-खाली लिहिली जाते आणि काहीच पुसले जात नाही. आपल्यापुढे आलेले अ‍ॅप पहिल्या रीतीचे आहे. त्यात 'सद्यस्थिती' नावाचा एकच रकाना आहे.

अ‍ॅट्रॉसिटीच्या प्रकरणात हा रकाना आपला घात करील. १९८९ चा कायदा आणि १९९५ चे नियम पाहा. तपास उपअधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याने करायचा. दोषारोपपत्रासाठी ६० दिवसांची मुदत आहे. पीडिताला अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते, काही गुन्हा नोंदल्यावर, काही दोषारोपपत्रावर, काही निकालानंतर. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झालीच पाहिजे. म्हणजे इथे सगळा खेळ तारखांचा आहे. आपण म्हणतो 'फार उशीर झाला', अधिकारी म्हणतात 'कार्यवाही सुरू आहे', आणि बैठक संपते. फिर्याद अमुक तारखेला, आज ८३ वा दिवस, पहिला हप्ता अजून जमा नाही, असा कागद टेबलावर ठेवला तर उत्तर द्यावे लागते. त्यासाठी फेरफारासारखी नोंदवही हवी. तारीख पुसली की आपला युक्तिवादही पुसला गेला.

आणि फिर्यादीचे नाव मुंबईच्या पडद्यावर कशासाठी? ज्या बाईने गावातल्या धनदांडग्याविरुद्ध तक्रार केली, तिचे नाव, वाडी, फोन नंबर पन्नास पदाधिकाऱ्यांच्या मोबाइलवर जाणार. त्यातला एकजण तरी कुणाचा मिंधा नसेल याची हमी कोण देणार? तालुक्याबाहेर फक्त गुन्ह्याचा क्रमांक, तारखा आणि टप्पा जावा. जिल्ह्याला आणि मुंबईला लढायला तेवढे पुरते. नाव पुढे द्यायचे तर तिला विचारून.

शिष्यवृत्तीची चाल वेगळी आहे. महाडीबीटीवर अर्ज भरला की तो कॉलेजच्या टेबलावर, मग समाज कल्याणच्या जिल्हा कार्यालयात आणि शेवटी बँकेत आधार जोडलेल्या खात्याशी अडतो. डिसेंबर २०२० च्या निर्णयानंतर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. दोन वाटे दोन वाटांनी येतात, आणि एक आला, दुसरा नाही, या घोळात कॉलेज फीसाठी मुलाच्याच मागे लागते. इथेही क्षणाक्षणाची माहिती नको. रविवारच्या वंदनेला विहारात जमल्यावर कुणाचा अर्ज कुठे अडला ते लिहिले आणि आठवड्यातून एकदा तालुक्याला पाठवले तरी पुरे. वर्षावासाची प्रवचने आणि प्रवेशाचा हंगाम एकाच वेळी येतो, लोक जमलेलेच असतात. महिला मंडळाच्या भगिनी हे काम कुठल्याही अ‍ॅपपेक्षा चोख करतील. वर्गणीचा हिशेब त्या आजही करतातच.

'मग तातडीच्या प्रसंगी काय?' असे विचारले जाते. २२ जुलै २०२१ चे चिपळूण आठवा. वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, वीज गेली, फोन लागेनात. सर्व्हर मुंबईत सुरक्षित असता, पण चिपळूणमधून त्याच्यापर्यंत पोचणार कसे? यावर मुलांचा उलट मुद्दाही खरा आहे: पुरात वह्याही भिजतात. म्हणून प्रत्येक गाव शाखेच्या वहीची प्रत दुसऱ्या तालुक्यात हवी, नदीकाठच्या शाखेची घाटमाथ्याकडच्या शाखेकडे.

एवढ्या माहितीला मोठी यंत्रणा लागते हा समजही तपासून घ्या. एक लाख माणसे धरा, प्रत्येकाबद्दल हजार अक्षरे देवनागरीत लिहिली, तरी सगळे मिळून सुमारे तीनशे एमबी होते. एका साध्या पेनड्राइव्हवर मावेल. बँका आणि रेल्वे जी यंत्रणा वापरतात ती त्यांच्या कामाला ठीक आहे. आपण ती भाड्याने घेऊन दरमहा कुणाला तरी पैसे देत बसण्यात काय शहाणपण?

एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. चाकरमान्याचे नाव गावच्या यादीतही असते आणि मुंबईच्याही. अशाने एक माणूस दोनदा मोजला जातो आणि आपणच आपल्या आकड्यावर खूश होतो. यावर उपाय एकच: कुटुंबाची मूळ नोंद गावाकडे, मुंबई मंडळाने तिचा क्रमांक वापरायचा. मुंबईकरांना हे रुचणार नाही, कारण आजवर गाव शाखेने स्वतःच्याच सभासदांची यादी मुंबईकडे मागायची असा उलटा कारभार चालत आला आहे.

२०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार म्हणून आपणही घरोघरची जात-धर्माची माहिती अ‍ॅपवर गोळा करावी, अशी टूम निघाली आहे. ती तर मुळीच नको. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहा, १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध म्हणून अनुसूचित जातीच्या सवलती जात नाहीत, हे वाडीवाडीत सांगणे आपले काम आहे. यादी करून ती निवडणुकीच्या तोंडावर बाजारात जाईल अशी ठेवणे आपले काम नव्हे.

प्रस्ताव मंजूर करण्याआधी तो साध्या मराठीत प्रत्येक गाव शाखेच्या सभेत वाचला जावा. पासवर्ड कुणाकडे राहील, कंपनी सोडायची झाली तर सगळी माहिती साध्या फाइलमध्ये परत मिळेल का आणि जुनी नोंद कोण पुसू शकतो, या प्रश्नांची लेखी उत्तरे सोबत हवीत. तोवर शाखांनी तारखेचा रकाना असलेली एक वही आणि एक एक्सेल फाइल सुरू करावी. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपायच्या आत हे झाले, तर यंदाच्या शिष्यवृत्तीच्या नोंदी तरी आपल्या हाताशी राहतील.