कुर्द हा पंथ नव्हे

इराकची बातमी आली की तिच्यात ‘शिया, सुन्नी आणि कुर्द’ हे तीन शब्द हमखास एकत्र येतात. वाचणाऱ्याला वाटते, मुसलमानांचे हे तीन पंथ असावेत आणि ते धर्मावरून भांडत असावेत. या समजुतीतल्या दोन्ही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

शिया आणि सुन्नी हे पंथ आहेत. कुर्द हा पंथ नाही, तो एक लोकसमूह आहे. त्यांची कुर्दी भाषा फारसीच्या कुळातली आहे, अरबीच्या नव्हे. ‘शैव, वैष्णव आणि तमिळ’ अशी यादी कोणी केली तर ती जितकी विचित्र वाटेल, तितकीच ही आहे. बहुसंख्य कुर्द सुन्नीच आहेत. ११८७ मध्ये जेरुसलेम जिंकणारा सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी कुर्द घराण्यातला होता. कुर्दांमध्ये मुख्यतः शाफई मजहब चालतो आणि आपल्या कोकणी मुसलमानांचाही तोच आहे. पण फैली कुर्द शिया आहेत, आणि कुर्दी बोलणारे यजिदी तर मुसलमानही नाहीत. इराकच्या बातमीतला ‘सुन्नी’ म्हणजे खरे तर सुन्नी अरब. देशात बहुसंख्य असलेले शियाही प्रामुख्याने अरबच.

शिया-सुन्नी भेद सुरू झाला तो पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या वफातीनंतर, ६३२ मध्ये. उम्मतचे नेतृत्व कोणाकडे जावे, हा प्रश्न होता. सुन्नी हजरत अबू बक्र यांना पहिले खलिफा मानतात. शियांच्या मते तो हक्क हजरत अलींचा होता. पुढे दोघांचे फिक्ह आणि रीतिरिवाज वेगळे झाले. कुरआन, किबला आणि रमजानचे रोजे मात्र दोघांचेही तेच राहिले. सुन्नी सूर्य मावळताच रोजा सोडतात. शिया पूर्वेकडची लाली ओसरेपर्यंत काही मिनिटे थांबतात. सुन्नी मशिदींत तरावीहची जमात उभी राहते, शियांकडे ती नसते. कूफाच्या मशिदीत हजरत अलींवर वार झाला आणि २१ रमजानला ते शहीद झाले; शियांसाठी हे दिवस शोकाचे असतात. सुन्नींसाठीही अली चौथे खलिफा आहेत. आपल्याकडचे दाऊदी बोहरा शियाच. त्यांचे पंचांग गणिती असल्याने त्यांचा रमजान बहुधा एक-दोन दिवस आधी सुरू होतो. शेजाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही.

मग इराकमध्ये एवढे रक्त का सांडले? पंथ हेच कारण असते, तर १९८० ते १९८८ च्या युद्धात इराकी फौजेतले शिया शिपाई शिया इराणविरुद्ध लढले नसते. १६ मार्च १९८८ रोजी हलबजा या कुर्द शहरावर विषारी वायू सोडणारा सद्दाम हुसेन सुन्नी होता आणि मेलेले सुमारे पाच हजार लोकही बहुतेक सुन्नीच होते. पुढे १९९० च्या दशकात कुर्दांचे दोन मोठे पक्ष एकमेकांशीच लढले. प्रत्येक वेळी पणाला होती ती सत्ता, जमीन किंवा तेल.

अमेरिकेने २००३ मध्ये इराक ताब्यात घेतल्यावर पंचवीस जणांचे शासकीय मंडळ नेमले. १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, उरलेले दोन इतर, अशी तिथे वाटणी झाली. २००५ पासून राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया आणि संसदेचा सभापती सुन्नी अरब, असा पायंडाच पडला. खुर्ची जातीवर ठरू लागली की पुढारी जातच पेटवतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये या वाटणीविरुद्ध हजारो तरुण रस्त्यावर आले. त्यांतले बहुतेक शिया होते आणि सरकारही शियांच्याच हाती होते. शेकडो तरुण मारले गेले.

धर्माचा यात काहीच संबंध नाही, असे म्हणणेही खोटे ठरेल. २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने तिकरितजवळ दीड हजारांहून अधिक शिया तरुणांना केवळ ते शिया म्हणून ठार केले. दुसऱ्याला इस्लामबाहेर काढणाऱ्या फतव्यातूनच ती बंदूक निघाली. पण तिने विरोध करणाऱ्या सुन्नी टोळ्यांनाही सोडले नाही, आणि तिच्याशी लढणाऱ्यांत सुन्नी कुर्द आघाडीवर होते.

बगदादमध्ये तैग्रिस नदीच्या एका काठावर सुन्नींचे इमाम अबू हनीफा यांची कबर आहे, समोरच्या काठावर शियांचे इमाम मूसा काझिम यांची. मधल्या पुलाचे नावच ‘इमामांचा पूल’. ३१ ऑगस्ट २००५ रोजी तिथे चेंगराचेंगरी होऊन सुमारे हजार शिया यात्रेकरू दगावले. तेव्हा अलीकडच्या सुन्नी मोहल्ल्यातल्या तरुणांनी पाण्यात उड्या घेतल्या. त्यांतला एक, अनेकांना बाहेर काढून, स्वतः बुडाला.

‘शिया-सुन्नी संघर्ष’ हे शब्द वाचताना म्हणून एवढेच विचारावे : या भांडणात कोणाला काय मिळणार आहे? आणि मुसलमानांनी स्वतःलाही विचारावे की, कोण खरा मुसलमान हे ठरवण्याचा अधिकार त्यांना दिला कोणी? रोजा खरा की खोटा हे अल्लाह जाणतो. तो हिशेब माणसाकडे सोपवलेला नाही.