उद्यानाचे पालकत्व

डॉक्टर म्हटला की त्याचे नाव संस्थेच्या लेटरहेडवर शोभून दिसते, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. त्यामुळे ग्रंथालय, शिक्षण मंडळ, सांस्कृतिक मंडळ, रोटरी, लायन्स अशा कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या कार्यकारिणीत आपले सभासद असतातच. त्यात वावगे काही नाही. मात्र एखाद्या निसर्ग उद्यानाची, शहरातल्या जुन्या झाडीची पाठराखण करणारी संस्था उभी करावी आणि तिचे नेतृत्व आपल्यापैकी कोणी विनावेतन, नेटाने वाहावे, हा विचार आपल्या बैठकांमध्ये क्वचितच निघतो. तो निघावा, असे मला वाटते.

बेळगावकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. सकाळी तिथे फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या नावाचा अर्थ ठाऊक असेल, हे सांगता येत नाही. पण डॉक्टरांना तरी तो ठाऊक असायलाच हवा. देवीच्या निर्मूलनाची मोहीम जोरात असताना भारतात गोठवून सुकवलेली लस तयार करणाऱ्या चार संस्था होत्या. नैनितालजवळचे पटवाडांगर, मद्रासचे गिंडी, हैदराबाद आणि चौथे आपले बेळगाव. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त घोषित झाला. लसीचे काम संपले, झाडी उरली. भर वस्तीत इतकी मोठी मोकळी जागा राहिली, याचे श्रेय कुणा नगररचनाकाराला नसून एका रोगाला आणि त्याच्या लसीला आहे. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला त्या जागेविषयी जी आत्मीयता वाटते, तिचे मूळ इथे आहे.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली आणि पुढे डेपोच्या आवारातही कामे निघाली. झाडांच्या काळजीने नागरिकांनी हरकती घेतल्या, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्या काळात धडपडणाऱ्यांविषयी मला आदर आहे. तथापि एक गोष्ट तेव्हाही जाणवली व आजही जाणवते. संकट आले की माणसे जमतात, संकट टळले की आपापल्या घरी जातात. झाडीला मात्र रोजच कोणीतरी लागते. रुग्णाला अतिदक्षता विभागात भरती केल्यावर धावणारे नातेवाईक पुष्कळ असतात. घरी आल्यावर वेळच्या वेळी औषध देणारा एखादाच.

हे सारे डॉक्टरांनी का करावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या बाह्यरुग्ण विभागात आता चष्मा लागलेली मुले इतक्या लहान वयात दिसतात की नवल वाटेनासे झाले आहे. चीनमधील ग्वांगझो येथे प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. पहिलीतल्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्तीची, उघड्यावर घालवण्यासाठी दिली. तीन वर्षांनी त्या मुलांत लघुदृष्टीचे नवे प्रमाण ३०.४ टक्के आढळले, तर इतर मुलांत ३९.५ टक्के. २०१५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालक टॉनिक मागतात, ४० मिनिटे मोकळ्या हवेत न्या म्हटले की विचारतात, "डॉक्टर, न्यायचे कुठे?" हिंडलग्यापासून विजयनगरपर्यंत घरे वाढली, अंगणे आक्रसली, हे आपण पाहतोच आहोत. तेव्हा हा प्रश्न माझ्या व्यवसायाबाहेरचा आहे, असे मला मानता येत नाही.

अशा संस्था इतरत्र कशा चालल्या, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईत माहीमला मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकर जागेवर शहराचा कचरा पडत असे. त्या कचऱ्यावर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. १९९१ मध्येच त्या जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला होता. एवढे असूनही धारावी पुनर्विकासात उद्यानाची जमीन जाईल की काय, अशी शंका उत्पन्न झाली आणि 'वनशक्ती'सारख्या स्वयंसेवी संस्थेला उच्च न्यायालयात जावे लागले. कागदावरचे संरक्षण जागते ठेवायला बाहेरची माणसे लागतात, हे त्यावरून दिसते.

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्याची कथा वेगळी आहे. उघड्या डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून वन उभे राहिले, १९८५ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. एका माणसाच्या चिकाटीने काय होऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या भागात मला माहीत नाही. पण वन उभे राहिल्यावर हरणे वाढली, ती कुंपणाबाहेरच्या शेतांत उतरू लागली आणि निराळेच प्रश्न पुढे आले. ध्यास एका पिढीचा असतो, व्यवस्थापन पुढच्या सर्वांचे.

आपल्या व्यवसायातलेही उदाहरण आहे. पुण्याचे डॉ. सतीश पांडे हे रेडिओलॉजिस्ट. रुग्णसेवा सांभाळून त्यांनी 'इला फाउंडेशन' उभारले, पुरंदर तालुक्यात पिंगोरीला निसर्गशिक्षणाचे काम उभे केले आणि २०१८ मध्ये गावकरी व शाळकरी मुलांना घेऊन तिथे घुबड महोत्सव भरवला. अपशकुनी म्हणून हाकलल्या जाणाऱ्या पक्ष्याचा उत्सव! पश्चिम घाट, कोकण व मलबारच्या पक्ष्यांवरील त्यांच्या २००३ च्या ग्रंथाच्या लेखकांत बेळगावचे निरंजन संत आहेत, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आता आपल्याविषयी थोडे स्पष्ट. डॉक्टर चांगला अध्यक्ष होतोच असे नाही. आपल्याला आज्ञा देण्याची सवय असते. स्वयंसेवक म्हणजे वॉर्डातील कर्मचारी नव्हे, तो एक रविवार दुखावला की पुढच्या रविवारी येत नाही. शिवाय ऐन सभेच्या वेळी आपला फोन वाजतो. म्हणून माझे मत असे की, डॉक्टरने शक्यतो अध्यक्षपद घेऊच नये. खजिनदार व्हावे, नाही तर पत्रव्यवहार सांभाळावा. अध्यक्ष एखादा निवृत्त शिक्षक किंवा वनाधिकारी असावा आणि कोणीही दोन मुदतींपेक्षा अधिक काळ पदावर राहू नये. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० चा आहे. त्यानुसार निबंधकांकडे कागदपत्रे वेळच्या वेळी गेली पाहिजेत. या कामाचा कुणी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करीत नाही, आणि संस्था बहुधा इथेच मोडतात.

आणखी एक गोष्ट आपल्या सीमाभागापुरती. कर्नाटकात १९७६ पासून वृक्षसंरक्षण कायदा आहे. पन्नासहून अधिक झाडे तोडायची असल्यास जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात. ही नोटीस, कार्यालयाची पत्रे, निविदा हे सर्व कन्नडमध्ये असते. आपला भाषिक प्रश्न आपल्या जागी आहे आणि त्याविषयी माझी भूमिका आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु झाडाच्या बाबतीत जी संस्था केवळ मराठी वाचील, तिला नोटिशीचा पत्ता झाड पडल्यावर लागेल. कार्यकारिणीत निम्मे कन्नड भाषक असावेत. पहाटे फिरायला येणारे तरी कुठे भाषा पाहून वाट निवडतात?

सर्वांत कठीण काम नकार देण्याचे आहे. फिरणाऱ्यांना दिवे हवेत, देणगीदाराला नावाची फरशी हवी, लोकप्रतिनिधीला कारंजे हवे. प्रत्येकाचा हेतू चांगलाच असतो. पण मुळांवर सिमेंटचे ठोकळे बसले की पाणी मुरत नाही, आणि रात्रभर दिवे जळले की घुबडे व वटवाघळे जागा सोडतात. उद्यानाला पाठबळ देणाऱ्या संस्थेने सौंदर्यीकरणाची हौस वाहू नये. जागा सरकारची, निगा आपली, एवढी रेघ स्पष्ट हवी.

आपल्या संघटनेने यात पहिले पाऊल टाकावे, असा माझा प्रस्ताव आहे आणि तो येत्या सर्वसाधारण सभेत मी मांडणार आहे. पहिल्या वर्षी एकही रोप लावू नये. वनमहोत्सव १९५० पासून चालू आहेत. जूनमध्ये खड्डा खणणारे हात पुष्कळ, एप्रिलमध्ये बादली उचलणारे थोडे. आहेत ती झाडे आधी मोजावीत. जीएसएस विज्ञान महाविद्यालय जवळच आहे. तेथील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सोबत घ्यावे. प्रत्येक झाडाचे नाव, बुंध्याचा घेर आणि जागा एका वहीत उतरावी, आणि वहीची एक प्रत वृक्षाधिकाऱ्यांकडे रीतसर पोच घेऊन द्यावी. मार्च-एप्रिलमध्ये अनेक झाडे फुलावर असतात, तेव्हा ओळख पटवणे सोपे जाते. रविवारी सकाळी सात ते नऊ. ज्यांना यायचे असेल त्यांनी मोजपट्टी घेऊन यावे.