लाचेचा पैसा आणि न्यायासनाचे मौन

सरकारी नोकरी मिळवून देतो असे सांगून दलालाने गरजू गृहस्थाकडून लाचेसाठी म्हणून पैसे उकळावेत, आणि पुढे नोकरीही नाही व पैसेही नाहीत अशी त्याची गत व्हावी, हे प्रकार नवे नाहीत. असा गृहस्थ दिवाणी कोर्टात गेला की, करारच बेकायदेशीर असल्याने दाद मिळणार नाही, असे उत्तर त्याच्या वाट्यास येण्याचा संभव फार.

जो आपला हक्क अनीतीच्या वा बेकायदेशीर कृत्यावर उभारतो, त्याच्या साहाय्यास न्यायासन येणार नाही, हे तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७७५ साली इंग्लंडात सांगितले. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे २३ वे कलमही अशा करारांना रद्दबातल ठरविते. रद्द करारान्वये मिळालेला लाभ परत करावा, असे ६५ वे कलम म्हणते खरे. परंतु बेकायदेशीरपणा उभयतांस आरंभापासून ठाऊक असेल, तर त्या कलमाचा उपयोग होत नाही.

असा करार न्यायासनाने अमलात आणू नये, हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु करार अमलात न आणणे निराळे, आणि लुबाडणाऱ्याच्या पदरात पैसा कायम राहू देणे निराळे! वादी प्रतिवादीइतका दोषी नसेल, किंवा बेकायदेशीर हेतू तडीस गेला नसेल, तर दाद देता येते, हे सुप्रीम कोर्टाने सीताराम विरुद्ध राधाबाई या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात मान्य केले आहे. इंग्लंडातील वरिष्ठ न्यायालयाने तर २०१६ साली, गुप्त बातमीच्या जोरावर शेअरांच्या भावावर पैज लावण्यासाठी दिलेले ६,२०,००० पौंड, तो बेत फसल्यावर, परत देवविले.

यामुळे लाच देणारे धीट होतील, अशी शंका कोणी घेईल. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हाच आहे. त्याची शिक्षा फौजदारी कोर्टाने खुशाल द्यावी. दिवाणी कोर्टाच्या मौनाने मात्र दलालाचेच फावते. म्हणून ६५ व्या कलमात दुरुस्ती व्हावी. दोघांच्या दोषाचे माप घेऊन पैसा परत देवविण्याचा, आणि दोघेही सारखेच दोषी असतील तर तो सरकारजमा करण्याचा अधिकार न्यायाधीशास स्पष्ट शब्दांत मिळावा. दोन अपराध्यांपैकी अधिक धूर्त असेल त्याला बक्षीस मिळावे, हा न्याय नव्हे.