गोलंदाजाचे मानपत्र

पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामने धरून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग या दौऱ्यावरच्या भारतीय संघाचे कप्तान होते, आणि त्यांचे मन मैदानापेक्षा मेजवान्यांत अधिक रमले. संघ सामन्यामागून सामने हरत होता. बाळू मात्र दुखऱ्या खांद्याने का होईना, चेंडू टाकत राहिले. मुंबईला परतल्यावर दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. भारतात गोलंदाजांचे जे गौरव झाले, त्यांत हा सर्वांत मोलाचा मानायला हरकत नाही. आणि तो कोणत्याही क्रिकेट संघटनेने केलेला नव्हता.

बाळूंची सेवा त्याआधी सुमारे वीस वर्षे सुरू झाली होती. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये महिना चार रुपयांवर ते खेळपट्टी लोटायचे, जाळी लावायचे आणि सरावासाठी चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज. तो इतरांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर हात साफ करून घेई. बाद केल्यास दर खेपेला आठ आणे देई, असे सांगतात. शेकडो तास गोलंदाजी केलेल्या या माणसाच्या हाती त्या क्लबने कधी बॅट मात्र दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालत होता. चहा मात्र त्यांना जातीमुळे पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधीच दिले गेले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, आणि विठ्ठल फलंदाज होते.

फलंदाजाचे शतक धावफलकावर सर्वांना दिसते. गोलंदाजाचे काम पुष्कळदा न झालेल्या धावांत असते, आणि न झालेल्या गोष्टीचा पुतळा उभारणे कठीण. नाशिकला जन्मलेले बापू नाडकर्णी याचे उत्तम उदाहरण. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ षटके निर्धाव टाकली. त्या डावातले त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि एकही बळी नाही. बळी नसतानाही जगभर लक्षात राहिलेले असे पृथक्करण दुसरे नाही. सरावात खेळपट्टीवर नाणे ठेवून नेमक्या त्यावर टप्पा टाकण्याची त्यांची शिस्त सर्वश्रुत आहे.

सुभाष गुप्ते यांच्या वाट्याला बळी भरपूर आले. ३६ कसोटींत १४९, आणि १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजच्या एका डावात नऊ. सर गारफिल्ड सोबर्स यांच्या मते त्यांच्याइतका उत्तम लेगस्पिनर झाला नाही. १९६१ मध्ये दिल्लीच्या हॉटेलात त्यांच्या खोलीतल्या सहकाऱ्याने स्वागतकक्षातील युवतीला फोन केला, तक्रार झाली आणि शिक्षा गुप्त्यांनाही झाली. ऐन तिशीत त्यांची कसोटी कारकीर्द संपली. पुढचे आयुष्य त्यांनी त्रिनिदादला काढले.

पद्माकर शिवलकर यांना तर कसोटीचे दारच उघडले नाही. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी हा त्यांचा हिशेब. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात, मद्रासमध्ये तमिळनाडूविरुद्ध, त्यांनी १६ धावांत आठ आणि १८ धावांत पाच गडी टिपले. पण भारताच्या संघात डावखुऱ्या फिरकीची जागा एकच होती आणि तिथे बिशनसिंग बेदी होते. गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात आपल्या आदर्श खेळाडूंमध्ये शिवलकर आणि हरियाणाचे राजिंदर गोयल यांना स्थान दिले. या दोघांना क्रिकेट मंडळाने सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला तो २०१७ मध्ये. शिवलकर तेव्हा ७६ वर्षांचे होते. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘हा चेंडू दैवगतीचा’. मार्च २०२५ मध्ये ते गेले.

मुंबईच्याच डायना एडलजी यांनी २० कसोटींत ६३ बळी घेतले, आणि महिलांना रेल्वेच्या नोकऱ्या मिळवून देण्यापासून ते क्रिकेट प्रशासनापर्यंत खेळासाठी राबल्या. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये २०२३ मध्ये त्यांचा समावेश झाला, हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. वानखेडेच्या स्टँडवर मात्र मर्चंट, गावसकर, तेंडुलकर, रोहित शर्मा अशी फलंदाजांची नावे आहेत. विनू मंकड यांच्या नावाचे प्रवेशद्वार आहे, पण तेही अष्टपैलू.

मराठवाड्यातल्या खुलताबादहून या मुंबईकर परंपरेकडे पाहताना अंतर जाणवते. निजामी राजवटीत राहिलेल्या या प्रदेशाला जिमखान्यांचा वारसा मिळाला नाही, आणि वेरूळच्या डोंगराखालच्या माळावर दिवाळीच्या सुटीत टेनिस चेंडूने खेळणाऱ्या मुलाला लाल चेंडू हाती यायलाच उशीर होतो. तरी या टापूतून गोलंदाज निघालेच. शेजारच्या श्रीरामपूरला जन्मलेल्या झहीर खानने ९२ कसोटींत ३११ बळी घेतले आणि २०११ च्या विश्वचषकात २१. त्याला २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

इक्बाल सिद्दिकीचे नाव त्या मानाने थोड्यांना आठवते. त्याचा जन्म औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षे जलद मारा केल्यावर डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध त्याला कसोटी मिळाली. त्याच सामन्यात बीडला जन्मलेल्या संजय बांगरनेही पदार्पण केले, म्हणजे मराठवाड्याचे दोघे एकाच दिवशी कसोटीपटू झाले. सिद्दिकीने एक बळी घेतला. भारताला विजयासाठी पाचच धावा हव्या असताना त्याला सलामीला पाठवण्यात आले आणि सामना जिंकला गेला तेव्हा तो नाबाद होता. ती त्याची पहिली कसोटी होती आणि शेवटचीही.